गॉब्लिन क्वीनचं भांडण खरं होतं

प्रश्न थोडक्यात असा आहे: “ताई, मी एक सुपरहिरो कॉमिक लिहितोय, चित्रंही माझीच. त्यातली मुख्य खलनायिका राक्षसीण आहे. ज्याला विचारावं तो म्हणतो, मार्व्हलच्या ‘एक्स-मेन’ कॉमिक्समधली गॉब्लिन क्वीन वाच. म्हणून तिची ‘इन्फर्नो’ ही कथा वाचली. ज्वाळा, भुतावळ, फाटके काळे कपडे, स्वतःच्या तान्ह्या पोराचा बळी द्यायला निघालेली बाई. दिसायला सगळं भारी आहे, पण ती अशी का झाली ते काही पटलं नाही. ही खलनायिका जमलेली आहे की फसलेली? सोबत स्क्रिप्ट आणि माझ्या खलनायिकेचं स्केच पाठवतोय, तेही बघा.”

दोन्ही आहे रे. जमलेली तर आहेच, आणि ‘फसलेली’च्या जागी मी ‘फसवलेली’ म्हणेन. तिला गोष्टीतल्या माणसांनी फसवलं, आणि गोष्ट छापणाऱ्यांनीही. तुला ती पटली नाही, कारण तू तिला शेवटाकडून भेटलास. माझंही तसंच झालं होतं.

१९९०च्या दशकात माटुंग्याला, किंग्ज सर्कलच्या फुटपाथवर जुन्या पुस्तकांच्या ढिगात अमेरिकन कॉमिक्सचे सुटे अंक मिळायचे. सलग अंक मिळणं नशिबातच नसायचं. मिळेल तो घ्यायचा आणि मधलं सगळं मनाने रचायचं. माझ्या हाती आधी ‘अनकॅनी एक्स-मेन’चा २४१वा अंक लागला, म्हणजे इन्फर्नोच्या ऐन मध्यावरचा. लाल केसांची बाई, कपड्यापेक्षा भोकं जास्त, भोवती राक्षसांची गर्दी. मी म्हटलं, चला, आणखी एक कैदाशीण. मग वर्ष-दीड वर्षाने १६८वा अंक सापडला. त्यात तीच बाई अलास्कात मालवाहू विमानं चालवते. साधी पगारी पायलट. मी घरी येऊन दोन्ही अंक शेजारी शेजारी ठेवले आणि बराच वेळ बघत बसले. या दोन अंकांच्या मध्ये काय घडलं हे कळायला मला पुढे कितीतरी वर्षं लागली. ते तुला आता सरळ क्रमाने सांगते, कारण तुझ्या प्रश्नाचं उत्तर त्याच मधल्या भागात आहे.

सुरुवात तिच्या जन्माआधीपासून करावी लागते. १९८० साली, १३७व्या अंकात, जीन ग्रे चंद्रावर मरते. एक्स-मेनचा म्होरक्या स्कॉट समर्स म्हणजे सायक्लॉप्स, त्याची ती प्रेयसी. फिनिक्स नावाच्या वैश्विक शक्तीने झपाटून डार्क फिनिक्स झालेल्या जीनने एक अख्खी वस्ती असलेला ग्रह भस्म केला होता. मार्व्हलचे मुख्य संपादक जिम शूटर यांचं म्हणणं असं, की अब्जावधी जीव मारणारी बाई पुढच्या महिन्यात पुन्हा टीमबरोबर हसत-खेळत दिसू शकत नाही, तिला शिक्षा झालीच पाहिजे. लेखक ख्रिस क्लेअरमाँट आणि चित्रकार जॉन बर्न यांचा शेवट वेगळा होता, तो बदलला गेला. जीन मेली. हे ध्यानात ठेव, कारण हाच हिशेब पुढे मॅडलिनच्या, म्हणजे आपल्या गॉब्लिन क्वीनच्या, अंगावर येतो.

एप्रिल १९८३च्या १६८व्या अंकात स्कॉट अलास्कात आजी-आजोबांना भेटायला जातो. त्यांची विमान वाहतुकीची कंपनी आहे आणि तिथे मॅडलिन प्रायर नोकरीला आहे. हुबेहूब जीन. वर तिची कहाणी अशी, की एका विमान अपघातातून ती एकटीच वाचली, आणि तो अपघात नेमका जीन मेली त्याच दिवशी झालेला. नाव क्लेअरमाँटने ‘स्टीलाय स्पॅन’ या ब्रिटिश लोकसंगीताच्या बँडमधल्या गायिका मॅडी प्रायर यांच्यावरून घेतलेलं. चित्रं पॉल स्मिथची: स्वच्छ, मोकळी रेषा, चेहऱ्यावर उगाच सावल्या नाहीत. वाचकाला वाटावं की नक्की काहीतरी काळंबेरं आहे, म्हणून हे योगायोग पेरलेले. स्कॉटलाही तेच वाटतं. तो तिला तोंडावर विचारतो, तू फिनिक्स आहेस का? ती त्याला हाणते. मला तो प्रसंग फार आवडतो. कुठल्या बायकोने काय वेगळं केलं असतं?

१७५व्या अंकात उलगडा होतो की काळंबेरं काहीच नव्हतं. मास्टरमाइंड नावाच्या जुन्या शत्रूने सगळ्यांच्या डोळ्यांपुढे खोटा भास उभा केला होता. मॅडलिन साधी माणूस आहे, दिसायला मेलेल्या बाईसारखी, बस. त्याच अंकात दोघांचं लग्न लागतं. क्लेअरमाँटचा बेत स्कॉटला निवृत्त करायचा होता: लग्न, संसार, मूल, आणि टीमचं ओझं दुसऱ्यांच्या खांद्यावर. सुपरहिरोला म्हातारपणाकडे जाऊ द्यायचं, ही त्या धंद्यात दुर्मीळ गोष्ट. २०१व्या अंकात, १९८६च्या सुरुवातीला, मुलगा नेथन घरात येतो. बाळ जन्मलं तेव्हा बाप जवळ नव्हता. त्याच अंकात स्कॉट टीममधल्याच स्टॉर्म या बाईशी नेतृत्वासाठी झुंजतो. तिच्या शक्ती तेव्हा गेलेल्या होत्या, तरी तिच्याकडून तो हरतो. बायको मूल घेऊन बाजूला, आणि याचं लक्ष अजून खुर्चीकडे. इथपर्यंत राक्षस नाही, जादू नाही, नरक नाही. नवरा-बायकोचं भांडण आहे, आणि त्यात बायकोचं बरोबर आहे.

मग १९८६ साली मार्व्हलला जुन्या पाच एक्स-मेनना पुन्हा एकत्र आणायचं होतं. नव्या मासिकाचं नाव ‘एक्स-फॅक्टर’. पाचवी जागा जीनची, आणि जीन मेलेली. तोडगा कर्ट ब्युसिकने सुचवलेला. ती त्याला सुचली तेव्हा तो नुसता चाहता होता, पुढे मोठा लेखक झाला. त्याची कल्पना अशी, की ग्रह जाळणारी जीन नव्हतीच. फिनिक्स शक्तीने जीनचं रूप घेतलं होतं, खरी जीन न्यूयॉर्कच्या जमेका बेच्या तळाशी कोशात झोपलेली होती. ही कल्पना मार्व्हलचे लेखक रॉजर स्टर्न आणि जॉन बर्न यांच्यापर्यंत पोहोचली. ‘अव्हेंजर्स’ २६३ आणि ‘फँटॅस्टिक फोर’ २८६ या दोन अंकांत जीन पाण्यातून वर आली, निर्दोष. शूटर यांची अट पूर्ण झाली. क्लेअरमाँटने जीनऐवजी तिची बहीण सारा घ्या म्हणून सुचवलं होतं, ते कुणी ऐकलं नाही.

आता घरात काय उरलं बघ. मेलेली पहिली बाई परत आली, हुबेहूब दुसरीसारखी, आणि दुसरीच्या मांडीवर पोर. आपल्याकडे यासाठी नेमका शब्द आहे: सवत. मॅडलिनला सवत आली, आणि तीही मेलेली सवत, जिच्याशी स्पर्धा करणं कधीच शक्य नसतं. मेलेल्या बाईचे दोष कुणाला आठवत नाहीत.

‘एक्स-फॅक्टर’च्या पहिल्या अंकात स्कॉटला जुन्या पाचांपैकीच एक, वॉरन, याचा फोन येतो. स्कॉट निघतो. बायकोला सांगतही नाही की जीन जिवंत आहे. ती बजावते, आता गेलास तर परत येऊ नकोस. तो जातो. तिकडे जीनलाही बरेच दिवस सांगत नाही की आपलं लग्न झालंय, मूल आहे. दोन्हीकडे गप्प. पुढे उशिरा पश्चात्ताप होऊन अलास्काला जातो तर घर रिकामं, आणि मॅडलिनची नोंदसुद्धा कुठे सापडत नाही. तोवर मिस्टर सिनिस्टर नावाच्या दुष्ट शास्त्रज्ञाच्या मारेकऱ्यांनी तिला जवळजवळ ठार केलेलं असतं, मूल पळवलेलं असतं, आणि ती सॅन फ्रान्सिस्कोच्या एका इस्पितळात बेवारस रुग्ण म्हणून पडलेली असते.

संपादकांची अडचण मला समजते. मुखपृष्ठावरचा नायक बायको-मुलाला टाकून गेलेला आहे, आणि दर महिन्याला त्याला नायक म्हणून विकायचं आहे. घटस्फोट दाखवला तरी तो दोषीच राहतो. मग तोच जुना उपाय. जीनचा अपराध फिनिक्सच्या नावावर चढवून तिला धुऊन काढलं होतं, आता स्कॉटचा अपराध धुवायला कुणीतरी हवं होतं. बायकोच राक्षसीण निघाली तर तिला सोडणारा नवरा दूरदर्शी ठरतो. गॉब्लिन क्वीन ही या धुलाईतून निघालेली आहे. तुला पटली नाही ना, ती याच जागी.

पण क्लेअरमाँट हा माणूस असा, की वरून आलेला हुकूम पाळतानाही बाईची बाजू सोडत नव्हता. १९८८मध्ये ‘फॉल ऑफ द म्युटंट्स’ या कथेत, २२७व्या अंकात, डॅलस शहरात एक्स-मेन जगासाठी प्राण देतात, आणि ते टीव्हीवर थेट दिसतं. मॅडलिन त्यांच्यात आहे. तिच्याकडे शक्ती नाही, तरी ती मागे हटत नाही. मरण्याआधी कॅमेऱ्यासमोर नवऱ्याला सांगते, आपलं मूल शोध. एवढंच. मला आठवतं, ते पान वाचताना मी हातातला चहा खाली ठेवला होता.

पुढे रोमा नावाची देवी त्यांना जिवंत करते, पण जगाला ते मेलेलेच ठाऊक, आणि कुठल्याही कॅमेऱ्यात ते दिसत नाहीत. ऑस्ट्रेलियाच्या वाळवंटात एका उजाड गावात त्यांचा तळ. मॅडलिन तिथल्या कॉम्प्युटरवर बसते. जगभरची चित्रं तिच्यासमोर येतात, तिचं चित्र कुणाकडेही जात नाही. आणि त्या पडद्यावर एके दिवशी तिला नवरा दिसतो, शेजारी जीन.

इथून पुढची पानं तू नीट अभ्यासायला हवीस, कारण राक्षसीण तिथे जन्मते, इन्फर्नोत नाही. ब्रूड नावाच्या परग्रहावरच्या किड्यांची एक मारामारीची कथा चालू आहे (२३२ ते २३४), आणि तिच्या मधोमध, कुणाचं लक्ष नसताना, मॅडलिनचं स्वप्न येतं. स्वप्नात स्कॉट तिच्याकडचं एकेक काढून घेतो आणि जीनला देतो. शेवटी हिच्याकडे स्वतःचा चेहराही उरत नाही. मग लिंबो नावाच्या नरकासारख्या जगातला सिम हा राक्षस येतो आणि सौदा मांडतो. ती हो म्हणते. का? कारण हे स्वप्नच तर आहे, स्वप्नात हो म्हटलं तर कुणाचं काय जातं!

यात लेखकाने काय काय साधलंय बघ. पहिलं म्हणजे, तिला काय हवं हे आपल्याला आधीच ठाऊक आहे, म्हणून राक्षसाला लांबलचक भाषण करावं लागत नाही. राक्षस बोलायला लागला की कॉमिक मरतं. मी अनेक वर्षं लेटरिंग केलंय, फुग्यात किती शब्द मावतात ते मला बोटांनी कळतं. राक्षसांच्या तोंडी सगळ्यांनाच भाषणं घालायची असतात. इथे मात्र बहुतेक काम त्या हिरावून घेण्याच्या कृतीनेच होतं. दुसरं, तिची चूक माणसाएवढीच ठेवलेली आहे. तिने जगाचा सूड मागितला नाही, झोपेत एकदा ‘बरं’ म्हटलं. रात्री अंथरुणात पडल्या पडल्या मनात कुणाकुणाचं वाटोळं चिंतलं नाही, असा माणूस मला दाखव. आणि तिसरी गोष्ट मला सर्वांत चलाख वाटते: स्वप्नात जे घडतं ते रूपकही नाही. तिचा चेहरा जीनचाच आहे, हे पुढे अक्षरशः खरं निघतं. त्याबद्दल माझी तक्रार आहे, पण ती जरा नंतर.

आपल्याकडे कोकणात अळवंतीण म्हणतात ना, बाळंतपणात मेलेल्या बाईचं भूत? हडळीच्याही गोष्टी पुष्कळदा तशाच. मी लहानपणी ऐकल्या तेव्हा नुसती भीती वाटायची, मोठेपणी लक्षात आलं की आपल्या खेड्यांतल्या भुताळ्या बायकांपैकी कितीतरी जणी आधी अन्याय झालेल्या सुना-लेकी असतात. पिंपळाखाली बसलेली ती बाई मागते काय? बहुधा मूलच. मॅडलिनच्या गोष्टीला अमेरिकेत कुणी असं वाचलं नसेल, पण आपल्या वाचकाला ती पहिल्या पानापासून ओळखीची वाटेल. तू मराठीत लिहितोयस तर हे भांडवल तुझ्याकडे आयतं आहे.

इन्फर्नोबद्दल फार लिहीत नाही, तू वाचलंच आहेस. १९८८-८९मध्ये ते ‘अनकॅनी’, ‘एक्स-फॅक्टर’ आणि ‘न्यू म्युटंट्स’ अशा तीन मासिकांत चाललं, जोडीला ‘एक्स-टर्मिनेटर्स’ ही छोटी मालिका. क्लेअरमाँट आणि लुईझ सायमनसन यांनी मिळून बांधलेलं. चित्रकार मार्क सिल्व्हेस्त्री, वॉल्टर सायमनसन, ब्रेट ब्लेव्हिन्स, जॉन बोग्दानोव्ह. लिंबोचं दार उघडायला नास्टिर नावाच्या दुसऱ्या राक्षसाला तेरा तान्ही मुलं हवीत, ‘न्यू म्युटंट्स’मधल्या इल्याना रास्पुतिन या मुलीच्या जादूतून दार उघडतं, आणि मॅनहॅटन भुताळतं. लिफ्ट माणसं गिळते, टपालपेट्या चावतात. मार्व्हलच्याच डेअरडेव्हिल या नायकाला तर त्याच्या मासिकात एका व्हॅक्यूम क्लीनरशी झुंजावं लागतं, आणि ते वाचताना हसू येत नाही हे लेखिका ॲन नोसेंटीचं कौशल्य. मॅडलिनचा दीर ॲलेक्स, म्हणजे हॅवॉक, तिचा प्रियकर होऊन गॉब्लिन प्रिन्स बनतो. हे सगळं कॉमिक्स कोडची, म्हणजे अमेरिकन कॉमिक्स-धंद्याने स्वतःवर घातलेल्या सेन्सॉरची, मोहर घेऊन छापलं गेलं, याची मला अजून गंमत वाटते. १९५४च्या कोडने चालती प्रेतं, रक्तपिपासू, वेताळ सगळे हद्दपार केले होते, १९७१मध्ये नियम सैल झाले, आणि सतरा वर्षांत बाळ बळी द्यायला निघालेली आई किराणा दुकानाच्या रॅकवर.

आता ती तक्रार. २४१व्या अंकाच्या आसपास आणि ‘एक्स-फॅक्टर’मध्ये मिस्टर सिनिस्टर तिला सांगतो, तू माणूसच नाहीस. स्कॉट आणि जीनचं मूल मला हवं होतं, जीन हाती लागेना, म्हणून तिच्या पेशींपासून मी तुला बनवली. तू निर्जीव पडून होतीस. चंद्रावर फिनिक्स संपली तेव्हा तिचा अंश जीनकडे गेला, जीनने तो नाकारला, तो तुझ्यात आला आणि तू डोळे उघडलेस. विमान अपघात, बालपण, सगळं मी भरलेलं. हे तो तिला सांगतो ते नेब्रास्कात ओमाहाच्या त्या अनाथाश्रमात, जिथे स्कॉट वाढला.

प्रसंग म्हणून हा भयंकर आहे, नाकारत नाही. जिच्याकडून घर गेलं, नवरा गेला, मूल गेलं, तिच्याकडून आता भूतकाळही जातो. स्वप्नात गेलेला चेहरा जागेपणी जातो. ही पानं एकटी उभी केली तर मी त्यांना दहापैकी दहा देईन. पण कथेच्या हिशेबात ही लबाडी आहे. आतापर्यंत प्रश्न असा होता: हिने राक्षसाला हो म्हटलं, पण हिला तिथपर्यंत ढकललं कुणी? उत्तर होतं: नवऱ्याने. सिनिस्टर मध्ये आला आणि उत्तर बदललं. आता लग्न म्हणजे एका शास्त्रज्ञाचा कट, बायको म्हणजे प्रयोगशाळेतला नमुना, आणि स्कॉट बिचारा फसलेला. तिची तक्रार खोटी ठरवली नाही कुणी, नुसती तक्रार करणारीच खोटी ठरवली. कोर्टात फिर्यादीचा जन्मदाखलाच रद्द करावा तसं.

‘एक्स-फॅक्टर’ ३८मध्ये ती मरते, जीनला सोबत ओढून न्यायचा प्रयत्न करत. तिच्या आठवणी जीनमध्ये जातात. म्हणजे सवतीच्या डोक्यात हिचा संसार! आणि मूल स्कॉट-जीनच्या पदरात. छपाईपुरतं सगळं नीटनेटकं झालं. वाचकांच्या मनात मात्र ती बाई तशीच उभी राहिली, नाहीतर पस्तीस वर्षांनी तुला कुणी ‘गॉब्लिन क्वीन वाच’ म्हणालं नसतं.

तुलना करायची तर मार्व्हलचीच सटाना घे. १९७३ची, ‘व्हँपायर टेल्स’च्या दुसऱ्या अंकात आली, तेही काळ्या-पांढऱ्या मासिकात, कारण त्यांना कोड लागू नव्हता. सैतानाची मुलगी. डीसी या दुसऱ्या कंपनीची ब्लेझ, १९९०ची, सुपरमॅनच्या मागे लागलेली. किंवा ‘घोस्ट रायडर’मधली लिलिथ, सगळ्या राक्षसांची आई. तिघी दिसायला जबरदस्त, पण जन्मतःच राक्षसी, त्यामुळे त्यांना विचारण्यासारखा प्रश्न एकच उरतो: आज काय जाळणार? त्यांच्यावर चांगल्या कथा झाल्या नाहीत असं नाही, पण तुझ्या स्केचवरून तुझी खलनायिका त्या घरातली वाटत नाही. तिच्या डोळ्यांत तू थकवा काढला आहेस. तो अजाणता आलाय का मुद्दाम, ते तुलाच माहीत.

स्केचचं बोलते. शिंगं छान, हात उत्तम, बोटांची लांबी मला आवडली. पोशाखाचं मात्र मी एक बाई म्हणून आणि तीस वर्षं शाई लावणारी म्हणून सांगते, ऐकून घे. सिल्व्हेस्त्रीने मॅडलिनला दिलेल्या त्या काळ्या चिंध्यांची नक्कल गेली कित्येक वर्षं चालू आहे, आणि बहुतेकांना त्या चिंध्या का आहेत तेच माहीत नसतं. पायलटच्या जॅकेटपासून तिथपर्यंतचा प्रवास डोळ्यासमोर असेल तर त्या फाटलेपणाला थोडातरी अर्थ मिळतो. तो नसेल तर उरतं ते पोस्टर. खुद्द मूळ अंकांतही अर्धी पानं पोस्टरच आहेत, मी काही त्याची बाजू घेत नाही. तुझ्या बाईने पहिल्या अंकात काय घातलं होतं? तेच कुठेतरी, एखादी बाही, एखादा बिल्ला, राक्षसी रूपात राहू दे. वाचकाची नजर तिथे अडकेल.

मॅडलिनला नंतरच्या लेखकांनी अनेकदा उठवलं. १९९५मध्ये ‘एक्स-मॅन’ मासिकात, मग अधूनमधून इकडेतिकडे, फारसं काही हाती न लागता. त्याआधी १९९४मध्ये एक छोटी मालिका आली, तिच्यात स्कॉट आणि जीन भविष्यात जाऊन नेथनला वाढवतात. पुढे केबल म्हणून गाजला तो हाच नेथन. म्हणजे पोटचं पोर वाढवलं सवतीने, आणि आईच्या वाट्याला त्यातला एक दिवसही नाही. ही जखम भरायला २०२२-२३चं ‘डार्क वेब’ यावं लागलं. त्यात जीन तिला त्या पोराच्या बालपणाच्या आठवणी देते. तिचं भांडण तिथेच निवतं, राक्षस हरवून नव्हे. त्याच सुमारास इल्यानाने लिंबोची गादीही तिच्या हवाली केली होती, आणि हळूहळू ती खलनायिकेची राणी झाली, स्वतःच्या हक्काची. इतक्या वर्षांनी कुणीतरी मूळ तक्रारीला उत्तर दिलं.

२०२४च्या ‘एक्स-मेन ९७’ या ॲनिमेशन मालिकेत हेच सगळं जवळजवळ एका भागात कोंबलंय. दारात खरी जीन येऊन उभी राहते आणि घरातली, मूल कडेवर असलेली जीन म्हणजे नक्कल निघते. घाईने झालंय, पण एक गोष्ट त्यांनी मूळ कॉमिकपेक्षा बरी केली: भानावर आल्यावर ती स्वतःचं नाव स्वतः निवडते, मॅडलिन प्रायर. आजारी मुलाला भविष्यात पाठवायचा निर्णयही तिचा. आणि पुढे ती मरते ती जिनोशा बेटावर. कॉमिक्समध्ये याच जिनोशात, १९८८च्या अंकांत, तिला कैद करून तिच्या मनात डोकावणाऱ्यांना आत गॉब्लिन क्वीन दिसते. ज्याने हे जुळवलं त्याने अंक नीट वाचलेले आहेत.

माझी एक चूक सांगते, मग तुझ्या स्क्रिप्टकडे वळू. बऱ्याच वर्षांपूर्वी एका प्रकाशकासाठी मी मुलांचं सुपरहिरो कॉमिक लिहिलं होतं. खलनायिका अशी, की नायकाच्या वडिलांनी धरणाच्या नावाखाली तिच्या घरच्यांची जमीन लाटलेली. तिसऱ्या अंकानंतर निरोप आला, नायकाचे वडील वाईट दाखवू नका, पालक तक्रार करतील. मी भांडले नाही. एक शापित अंगठी घातली तिच्या बोटात, अंगठीमुळे डोकं फिरलं असं दाखवलं, शेवटी अंगठी फुटली आणि सगळे गळ्यात पडले. मला वाटलं, सफाईने सोडवलं. पुढे एका शाळेत चित्रकलेच्या कार्यशाळेला गेले, तिथे सातवीतली एक मुलगी ते अंक घेऊन आली. सही वगैरे नको होती तिला. तिने विचारलं, “मॅडम, मग त्या जमिनीचं काय झालं?”

तुझ्या स्क्रिप्टमध्ये बाई राक्षसीण होते ती सोळाव्या पानावर, एक तांब्याचा आरसा सापडतो म्हणून. आरसा राहू दे, माझी काही हरकत नाही. पण त्याच्या आधीच्या पंधरा पानांत तिचं कुणी काही घेतलेलं नाही. सहाव्या पानावर तिचा भाऊ दुकानाच्या कागदांवर सही घ्यायला येतो आणि तू ते दोन पॅनलमध्ये गुंडाळलं आहेस, त्यातही एका पॅनलभर पाऊस. ते पान मोकळं कर. सही करतानाचा हात काढ, पेन भावाचं असू दे. तिला त्या पानावर एकही फुगा देऊ नकोस. आणि शेवटी भावाला माफी मिळणार असेल, तर ती तिच्याच तोंडून मिळू दे, आरसा फोडून नाही. ते एक पान पेन्सिलमध्ये काढून पाठव. शिंगांचं मग बघू.